तानपुऱ्याची घोडी घराबाहेर देऊ नका

आईचा तानपुरा मिरजेचा, 1968 सालचा. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी तिने त्याच्यावर तीसेक वर्षं शिकवण्या घेतल्या. गेल्या पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट बसल्या आणि जोडाच्या (मधल्या दोन) तारांची आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, गेली. कुणाकडून तरी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एकाचा नंबर मिळाला. "आम्ही मूळचे मिरजेचे, पिढीजात काम," म्हणाला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळाल्याची बातमी आईने कापून ठेवली आहे. मिरज म्हटल्यावर ती विरघळलीच.

त्याने भोपळ्यावर टिचक्या मारल्या आणि बॅटरीच्या उजेडात एक रेघ दाखवली. "ताई, आतून चीर गेलीय. ताण दिलात तर फुटेल." आईचा चेहरा उतरला. त्या भीतीपोटीच मी 4,500 रुपये लगेच फोनवरून पाठवले. "जवारी कारखान्यात काढतो," म्हणत (जवारी म्हणजे घोडी घासून तारेला झंकार आणणं) त्याने घोडी, म्हणजे भोपळ्यापुढची तारा टेकतात ती पट्टी, काढून नेली. आठ दिवसांनी आणून बसवली, रेघेवर पॉलिश फासलं आणि गेला. तारा जुळवल्या तर आवाज ठोकळ्यासारखा, झंकार नावाला नाही. फोन तेव्हापासून बंद.

जुने फोटो काढून पाहिले. आमची घोडी सांबरशिंगाची, पिवळसर, बारीक रेषांची. ही पांढरीफेक. तारा उतरवून तानपुरा मिरजेला नेला, तिथल्या कारागिरांनी हातात घेताच सांगितलं, प्लॅस्टिक. भोपळ्याला चीर नव्हतीच, वरचं पॉलिश तडकलं होतं.

त्यांनी जे समजावलं ते आधी माहीत असतं तर हे झालंच नसतं. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला ओझरती लागत थरथरते म्हणून झंकार येतो. केसभर घासायचं, गाणाऱ्याच्या पट्टीत तार लावायची, तार आणि घोडीमधला दोरा सरकवून ऐकायचं, पुन्हा घासायचं. म्हणजे वाद्यापासून दूर नेलेल्या नुसत्या घोडीवर जवारी पुरी होऊच शकत नाही. जाणकार माणूस घरी येऊन, तुमच्यासमोर, तुमच्या कानाला विचारत काढतो. "घोडी घेऊन जातो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कुणाला बोलावण्याआधी घोडीचे जवळून फोटो काढून ठेवा. आणि भोपळा फुटल्याचं कुणी सांगितलं तर दुसऱ्या जाणकाराला दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

सांबरशिंगाच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तशी घोडी पुन्हा मिळणार नाही. सध्या शिसवी बसवली आहे. आई रियाजाला बसते, पण खरज (सगळ्यांत खालच्या सुराची तार) छेडला की क्षणभर थांबते.

गेलेल्या घोडीच्या खरजाकडच्या कोपऱ्याला तांदळाएवढा टवका उडालेला आहे. ठाणे-कळव्याकडे कुणाच्या पाहण्यात आली तर कृपया कळवा.