भ्रूणनिरीक्षणाची नोंद: सूक्ष्मदर्शकाशेजारी कागदी तक्ता की संगणक?

नवी आयव्हीएफ प्रयोगशाळा उभी राहताना इनक्युबेटर आणि सूक्ष्मदर्शक यांची निवड अनेक महिने चालते. भ्रूण पाहिल्यावर जे दिसले ते कशावर लिहायचे, हा प्रश्न मात्र बहुधा अखेरच्या दिवसांत, सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या सादरीकरणानंतर घाईने निकालात निघतो. मी दोन्ही पद्धतींनी काम केले आहे: सूक्ष्मदर्शकाशेजारच्या संगणकावर थेट नोंद करूनही आणि छापील तक्त्यावर पेनाने लिहूनही. जे आज हा निर्णय घेत आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो.

संगणकाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. अक्षर लागत नाही ही तक्रार उरत नाही, छायाचित्र त्या त्या भ्रूणाच्या नोंदीला लगेच जोडता येते आणि महिनाअखेरीचे गणित आपोआप होते. २०१७ च्या व्हिएन्ना सहमतीने, म्हणजे आयव्हीएफ प्रयोगशाळांच्या कामगिरीसाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांनी, इक्सीनंतरच्या (बीजांडात थेट एक शुक्राणू टोचल्यानंतरच्या) सामान्य फलनासाठी किमान ६५ टक्के आणि आदर्श ८० टक्के असे निकष दिले आहेत. आपले केंद्र त्यांत कुठे बसते हे तक्त्यांच्या गठ्ठ्यातून काढायचे म्हटले की एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि म्हणून ते काम पुढे ढकलले जाते. वर्णनाची भाषा दोन्हीकडे एकच असल्यामुळे, म्हणजे ब्लास्टोसिस्टसाठी (पाचव्या दिवसाच्या सुमारास पोकळी तयार झालेल्या भ्रूणासाठी) गार्डनरची श्रेणीपद्धत आणि त्याआधीच्या अवस्थांसाठी २०११ ची इस्तंबूल सहमती (भ्रूण कधी व कसा तपासायचा याचे तज्ज्ञांचे निकष), त्या बाबतीत डावे-उजवे करण्यासारखे काही नाही.

माझे मत ज्या एका गोष्टीने ठरले ती गोष्ट म्हणजे वेळ. आमच्या कामात निरीक्षणाची वेळ हा निरीक्षणाचाच भाग असतो. त्या सहमतीनुसार फलनाची तपासणी बीजांड व शुक्राणू एकत्र आणल्यापासून १७ तासांनी, एक तास मागेपुढे धरून, करायची असते. त्या वेळी एकही प्रोन्यूक्लियस (फलनानंतर बीजांडात दिसणारे, बीजांडाचे किंवा शुक्राणूचे केंद्रक; सामान्यतः दोन) दिसला नाही तर बहुधा फलन झाले नाही, असा त्याचा अर्थ होतो. पण हीच नोंद बावीस-तेवीस तासांनंतरची असेल, तर प्रोन्यूक्लियस येऊन विरून गेले असण्याची शक्यता धरावी लागते. तीन प्रोन्यूक्लियस असलेला, म्हणजे असामान्य फलनाचा, भ्रूणही पुढे विभागून दुसऱ्या दिवशी इतरांसारखाच दिसू शकतो. ४४ तासांना चार पेशी आणि ६८ तासांना आठ पेशी ही अपेक्षाही तासांवरच उभी आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहावे. डिश इनक्युबेटरबाहेर आली की माध्यमातील कार्बन डायऑक्साइड निसटू लागतो आणि सामू वाढतो. वर तेलाचा थर असला तरी ती वाढ मंदावते, थांबत नाही. त्यामुळे डिश शक्य तितक्या लवकर परत आत जावी याकडे सारे लक्ष असते. एक हात डिशवर, दुसरा फोकसवर आणि डोळे आयपीसला लागलेले असताना पडद्यावरचे पाच रकाने उघडून प्रत्येकात पर्याय निवडणे निदान मला तरी कधी जमले नाही. साहजिकच सगळ्या डिश पाहून झाल्यावर संगणकासमोर बसून नोंदी भरायच्या, असा रिवाज पडला. आम्ही वापरत असलेली प्रणाली मात्र नोंद जतन केल्याची वेळ हीच निरीक्षणाची वेळ मानत असे. ती बदलण्याची सोय होती. पण प्रत्येक भ्रूणासाठी वेगळी खिडकी उघडावी लागे आणि बदललेली वेळ नोंदवहीत ‘दुरुस्ती’ म्हणून कायमची दिसे. गर्दीच्या सकाळी ते कोणी करत नसे. सकाळी प्रथम पाहिलेल्या रुग्णाचे भ्रूण मग अहवालात प्रत्यक्षापेक्षा बरेच उशिरा पाहिलेले दिसत, आणि वेळेवर चार पेशींना पोहोचलेला भ्रूण कागदोपत्री संथ ठरे.

एकाच रुग्णाच्या भ्रूणांमधला क्रम याने बिघडत नाही, हे मान्य करायला हवे, कारण सगळेच सारखे सरकतात. परंतु तिसऱ्या दिवशी भ्रूण गर्भाशयात सोडायचे की पाचव्या दिवसापर्यंत थांबायचे, हे ठरवताना डॉक्टर तासांकडे पाहतात. आणि या महिन्याच्या कामाची मागील महिन्याशी तुलना करताना तर तो घोळ पूर्णपणे आत शिरतो.

तक्त्यावर हा प्रश्न येत नाही. डिश उघडली की घड्याळ पाहून रकान्यात वेळ लिहायची, भ्रूण ज्या थेंबात आहे त्याच्या क्रमांकासमोर पेशींची संख्या, त्यांच्या आकारातील समानता आणि फ्रॅगमेंटेशन (पेशींचे तुटलेले तुकडे) लिहायचे, आणि डिश आत. ‘पाच की सहा, एक पेशी आड आहे’ असेही लिहिता येते. कागदाचे दोष मी कमी लेखत नाही. साधा कागद तंतू सोडतो, मार्करच्या शाईतील द्रावकांची वाफ भ्रूणांच्या हवेत नको असते, आणि तक्त्यावरून संगणकात उतरवताना ४ चा ७ होऊ शकतो. त्यासाठी आम्ही स्वच्छ कक्षासाठी बनवलेला कागद व साधे बॉलपेन वापरतो, आणि एकाने वाचून दुसऱ्याने संगणकात भरण्याची पद्धत ठेवली आहे. यात माणसाचा वेळ जातो, पण तो भ्रूण इनक्युबेटरमध्ये सुरक्षित असताना जातो.

टाइम-लॅप्स इनक्युबेटर असल्यास वेळेचा प्रश्न मुळातूनच सुटतो, कारण डिश बाहेर न काढता ठराविक मिनिटांनी चित्रे घेतली जातात. तथापि २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत त्यामुळे अपत्यजन्माचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही, आणि यंत्राची किंमत लहान केंद्राला झेपेलच असे नाही.

जतनाच्या बाबतीतही मला कागद थोडा सरस वाटतो. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार नोंदी किमान दहा वर्षे ठेवाव्या लागतात, आणि तेवढ्या काळात सॉफ्टवेअरची कंपनी टिकेल का, जुनी आवृत्ती उघडेल का, याची खात्री कोणी देत नाही. कोलकात्यात १९७८ साली डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी केलेल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या कामाला मान्यता मिळाली ती त्यांच्या निधनानंतर, १९९७ साली, मुंबईत १९८६ साली जन्मलेल्या टेस्ट ट्यूब बेबीमागील शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांची टिपणे वाचली तेव्हा. ती टिपणे वाचायला डोळ्यांखेरीज कशाची गरज नव्हती.

जिथे सूक्ष्मदर्शकापाशी दोघे जण असतात, एक पाहतो व सांगतो आणि दुसरा त्याच क्षणी टंकित करतो, तिथे संगणक निःसंशय चांगला. मोठ्या केंद्रांनी तोच घ्यावा, असे मला वाटते. एकट्या एम्ब्रियॉलॉजिस्टवर (भ्रूणतज्ज्ञावर) चालणाऱ्या प्रयोगशाळेने मात्र आधी तक्ता ठेवावा आणि संगणकाला दुसऱ्या पायरीवर बसवावे. तरीही सॉफ्टवेअर घ्यायचेच असेल, तर सादरीकरणाच्या वेळी विक्रेत्याला एक नोंद मुद्दाम अर्ध्या तासाने भरायला सांगावी आणि छापील अहवालात कोणती वेळ येते, ते सही करण्यापूर्वी स्वतः पाहावे.