दुकानदारानं स्वतःच मीटर पुढं केला

हरिपूरच्या आमच्या भजनी मंडळासाठी अँप्लिफायर बनवायचं ठरवलं. तयार आणला असता तर भागलं असतं, पण हौस. १८-०-१८ व्होल्ट, ५ अँपिअरचा ट्रान्स्फॉर्मर घरात पडून होता. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज आणि कंडेन्सरनंतर प्लस-मायनस दोन्ही बाजूंना साधारण २५ व्होल्ट मिळतात, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर पंचवीस-तीस वॅट. देवळाच्या मंडपाला तेवढं पुरे. स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या टप्प्याला २एन३०५५ या ट्रान्झिस्टरची जोडी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आरसीए या अमेरिकन कंपनीनं आणलेला हा पत्र्याच्या टोपीचा ट्रान्झिस्टर आमच्या पिढीच्या हातात बसलेला. १५ अँपिअर, ६० व्होल्ट, ११५ वॅट, मग तीन अँपिअरच्या कामाला काय घाबरायचं?

सांगलीतल्या एका दुकानात नेहमीपेक्षा निम्म्या भावात मिळाले. पस्तीस रुपयाला एक. मी जरा थबकलो, तर दुकानदारानं स्वतःच मीटर पुढं केला. "काका, तपासून घ्या की." बेस, एमिटर, कलेक्टर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय. डायोडच्या रेंजवर बेस-एमिटर, बेस-कलेक्टर, चारही नगांचं रीडिंग चोख. मी खूश. बिल मागितलं नाही, ही चूक माझी.

घरी आधी, जोडणीत चूक असली तर काही जळू नये म्हणून, सिरीज बल्ब लावून चालू केलं, बायस (आवाज नसतानाचा ट्रान्झिस्टरचा थोडासा प्रवाह) लावला. दोन तास बारीक आवाजात वाजलं, हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टर गार ठेवणारा धातूचा पत्रा, जेमतेम कोमट. एकादशीला हरिपुरात नेलं. पहिले दोन अभंग झकास झाले. मग गजर चढला, पखवाजावर दणकून थाप पडली आणि स्पीकरमधून एकच 'धप्प'. पुढं नुसती शांतता आणि कॉइल जळल्याचा वास. मंडळातले अण्णा म्हणाले, "अगरबत्ती करपली वाटतं."

जोडीतला वरचा, प्लसकडचा ट्रान्झिस्टर कलेक्टर-एमिटर शॉर्ट झाला होता, त्यामुळं सगळे २५ व्होल्ट डीसी थेट वूफरवर, म्हणजे आमच्या स्पीकरवर गेले. फ्यूज? तो शाबूत! ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा डीसी रजिस्टन्स सहाच्या आसपास असतो. २५ भागिले ६, म्हणजे चार अँपिअर, आणि मी बसवला होता ५ चा फ्यूज. तो कशाला उडेल? पन्नास वॅटच्या कॉइलमध्ये शंभर वॅट नुसती उष्णता ओतली गेली. वूफरचे बावीसशे रुपये बुडाले ते माझ्या या हिशेबानं. त्याचं खापर दुकानदारावर फोडत नाही.

पण ट्रान्झिस्टर का गेला? जळका नग व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉनं टोपी कापली. जुन्या इन्व्हर्टरमधला एक मेलेला २एन३०५५ भंगारात होता, तोही कापला. जुन्यात मेथीच्या दाण्याएवढी चिप. नव्यात मोहरीएवढी! वर शिक्का तोच, टोपी तीच, आत भलताच कुठला तरी लहान ट्रान्झिस्टर. एवढीशी चिप उष्णता बाहेर काढणार कशी? बारीक आवाजात निभावते, जोराचा ठोका आला की संपली. मीटर डायोड तपासताना जेमतेम मिलिअँपिअरभर प्रवाह सोडतो, त्याला मोहरी काय अन् मेथी काय. दुकानदाराला हे पक्कं माहीत असणार. नाहीतर एवढ्या उदारपणे मीटर कोण देतं?

आता मी अशी चाचणी घेतो. १२ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरला मोटरसायकलचा ३५ वॅटचा बल्ब, बेसला २७ ओहम १० वॅटचा रजिस्टन्स, एमिटर निगेटिव्हला, ट्रान्झिस्टर हीटसिंकवर. तीनेक अँपिअर वाहताना कलेक्टर-एमिटरमध्ये व्होल्टेज एकच्या आत हवं. उरलेल्या तीन नगांवर अडीचच्या वर दिसलं, आणि मिनिटाभरात हात लावायची सोय राहिली नाही. नग जास्त घेत असाल तर एक सरळ कापून बघा. पस्तीस रुपये गेले तर जाऊ द्या.

कापलेले दोन्ही नग घेऊन दुकानात गेलो. "तुम्ही उलटं जोडलं असंल." बिल आहे का, असंही विचारलं. मी गप्प.

वूफरची कॉइल नवी भरून घेतली. स्पीकरच्या वाटेत आता डीसी आला की जोडणी तोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) आहे. ते तीन नग लाल ऑइलपेंटनं रंगवून वेगळ्या डबीत ठेवलेत. फेकले असते, पण आमच्या गल्लीतला भंगारवाला पत्र्याच्या टोपीचे ट्रान्झिस्टर वेचून परत विकतो.