श्रद्धा आणि शाश्वत विकास : तरुणांसाठीच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

धर्मशिक्षणाला पर्यावरणाची जोड देणारे अभ्यासक्रम अलीकडे बरेच निघाले आहेत, पण त्यांतील बहुतेकांची मजल धर्मग्रंथांतील वचने संकलित करण्यापलीकडे जात नाही. वेगवेगळ्या धर्मांच्या तरुणांच्या गटाबरोबर मी जो ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला, तो या बाबतीत निश्चितच वेगळा आहे. त्यात काही ठिकाणी वचन सांगून झाले की लगेच त्याच्याशी जोडलेले एक मोजमापाचे काम दिले जाते, आणि मला त्याचे सर्वांत मोठे बलस्थान तेच वाटते.

पहिला घटक इतिहासाचा आहे. १९८६ साली इटलीतील असिसी येथे पाच धर्मांच्या प्रतिनिधींनी निसर्गरक्षणाविषयी केलेल्या घोषणा, २०१५ चे पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणविषयक परिपत्रक, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे असा हा प्रवास नीटनेटका मांडला असला, तरी वाचताना तो तारखांची जंत्री वाटतो.

दुसऱ्या घटकात मात्र अभ्यासक्रमाने धाडस दाखवले आहे. निसर्गाच्या ऱ्हासाची मुळे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत, हा इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये केलेला आरोप येथे न टाळता मांडला आहे. त्यानंतर बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवले आहेत : एकात माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली आहे, तर दुसऱ्यात बागेची मशागत आणि राखण करण्याचे काम. स्वतःच्या परंपरेवरील टीका तरुणांनी शांतपणे वाचावी आणि तिला अभ्यासाने उत्तर द्यावे, ही अपेक्षा मला फार मोलाची वाटते. श्रद्धा दुबळी होईल या भीतीने अनेक धर्मशिक्षक नेमके हेच टाळतात.

तिसरा घटक पाण्याचा, आणि तो उत्तम आहे. पैगंबर एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरहूनही कमी पाण्यात वुजू (नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुणे) करीत असत, असे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांत, नोंदलेले आहे. हे सांगून झाल्यावर नळाखाली बादली ठेवून, नेहमीच्या पद्धतीने वुजू करून, साचलेले पाणी मोजायला सांगितले जाते. मिनिटाला सहा लिटर सोडणारा नळ दोन मिनिटे चालू राहिला तर बारा लिटर पाणी जाते, हे गणित कागदावर साधे आहे. पण बादली भरताना पाहणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते कोणत्याही प्रवचनाने साधले नसते. इतर धर्मांच्या मुलांनी मग आपापल्या प्रार्थनास्थळाचा पाणीवापर आपणहून मोजला. याउलट दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची ज्यू धर्मातील श्मिता ही परंपरा केवळ माहिती म्हणून येते. मातीवर प्रयोग करण्याची एवढी चांगली संधी वाया गेली आहे.

माझा खरा आक्षेप शेवटच्या घटकावर आहे. त्याच्या शीर्षकात सक्षमीकरण आहे, परंतु प्रत्यक्षात तो प्रेरणादायी चित्रफिती आणि पर्यायी उत्तरांची चाचणी यांवरच संपतो. आमच्या मुलांनी आपोआप बंद होणाऱ्या नळांचा प्रस्ताव तयार केला. तो विश्वस्त मंडळाच्या विषयपत्रिकेवर कसा आणायचा, अंदाजपत्रक कसे वाचायचे, नकार आल्यास पुढे काय करायचे, याबद्दल अभ्यासक्रमात एक ओळही नाही. प्रार्थनास्थळांच्या जमिनी, इमारती आणि निधी यांचे निर्णय जिथे होतात तिथे तरुणांना जागा मिळणार नसेल, तर त्यांच्या वाट्याला केवळ वृक्षारोपणाच्या दिवशी रोपे वाहून नेणे येते. कोणताही धर्म न मानणाऱ्या मुलांसाठी दिलेला नीतिविचाराचा भागही फारच त्रोटक आहे.

तरीही अनुभवी मार्गदर्शक असलेल्या गटांना मी हा अभ्यासक्रम आवर्जून सुचवीन. एकट्याने, केवळ पडद्यासमोर बसून तो पूर्ण करण्यात फारसा अर्थ नाही. तिसऱ्या घटकानंतर काही आठवडे थांबावे, मोजमापाच्या नोंदी विश्वस्तांपुढे मुलांनाच मांडू द्याव्यात आणि त्यावर काहीतरी निर्णय झाल्यावरच पुढचा घटक उघडावा.