पात्रांबद्दलचे तर्क वाचायचे असतील तर: आर्काइव्ह ऑफ अवर ओन

कार्टून आणि कॉमिक्समधल्या पात्रांचे न सांगितलेले भूतकाळ, त्यांची नाती, चाहत्यांनी लावलेले अर्थ हे सगळं एका जागी शोधायचं असेल, तर 2009 पासून चालू असलेलं, चाहत्यांनी लिहिलेल्या कथा-लेखांचं हे संकेतस्थळ मला सर्वांत भरवशाचं वाटतं. ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत. वाचायला खातं लागत नाही. पण काही लेखक आपलं लेखन फक्त सदस्यांपुरतं ठेवतात. खात्यासाठी ईमेल देऊन निमंत्रणाची वाट पाहावी लागते.

खरी ताकद टॅगमध्ये, म्हणजे प्रत्येक लेखनाला लावलेल्या विषयाच्या खुणांमध्ये आहे. स्वयंसेवक एकाच अर्थाचे वेगवेगळे टॅग जोडून ठेवतात, त्यामुळे पात्राचं नाव कुणी कसंही लिहिलं तरी सापडतं. नवखे वाचक हमखास चुकतात ते चिन्हांत: दोन नावांमध्ये '/' म्हणजे प्रेमसंबंध, '&' म्हणजे मैत्री किंवा कुटुंब. बॅटमॅन आणि त्याचा बटलर आल्फ्रेड यांचं बाप-लेकासारखं नातं हवं असेल तर '&'चाच टॅग निवडा. कथा नको, निव्वळ विश्लेषण हवं असेल तर 'मेटा' टॅग घ्या. नको ते विषय गाळणीतल्या (फिल्टरमधल्या) 'वगळा' विभागात टाका, मग 'पूर्ण झालेले'वर खूण करा.

'कुडोज'नुसार, म्हणजे वाचकांनी दिलेल्या पसंतीनुसार लावलेली क्रमवारी मात्र फसवी असते. कुडोज साठत जातात, म्हणून जुनं लेखन वर राहतं आणि ताजा, नेमका तर्क खाली दबतो. त्यापेक्षा तारखेनुसार लावा. आवडलेलं लगेच ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात उतरवून घ्या, कारण लेखक ते कधीही काढून टाकू शकतो.