खाणीच्या आम्ल पाण्यावर चुनखडीचा दगड: माल चांगला, पण पाणी तपासूनच घ्या

खाणीतून झिरपणारं तांबूस, आम्ल पाणी नदीला मिळण्याआधीच सुधारायचं असेल, तर चुनखडीच्या दगडासारखा भरवशाचा माल नाही. वीज नको, पंप नको, आणि दगड जास्त पडला तरी सामू (pH, पाणी किती आम्ल ते सांगणारं माप) साडेसातच्या फारसा वर जात नाही. विरवलेल्या चुन्याचं तसं नसतं. प्रमाण चुकलं की सामू 11-12 वर जातो आणि नदीतले मासे मरतात.

घेताना कॅल्शियम कार्बोनेट 90 टक्क्यांच्या वर आहे का, ते बघा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चांगली चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइट (चुनखडीसारखाच, पण मॅग्नेशियम असलेला दगड) मात्र गप्प राहतो, खरवडून त्याच्या भुकटीवर थेंब टाकला तर कुठे बुडबुडे दिसतात. तो फार सावकाश विरघळतो, म्हणून स्वस्तात मिळाला तरी नको. दगड 5 ते 15 सेंमीचा असावा. कच मिसळलेली गाडी परत पाठवा, ती फटी बुजवते.

दगड वाया जातो तो बहुतेक वेळा पाणी न तपासल्यामुळे. प्लास्टिक आणि मातीखाली झाकलेल्या चरात दगड उत्तम चालतो, पण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक लोह (गंजाच्या रूपातलं लोह) आणि ॲल्युमिनियम प्रत्येकी लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत हवं. नाहीतर दगडावर गंजाचं पुट चढतं. असा दगड फोडून पाहा: बाहेर पातळ नारिंगी साल, आत सगळा दगड कोरा, न वापरलेला. ॲल्युमिनियमचा पांढरा लगदा तर फटीच भरून टाकतो आणि पाणी चराबाहेर वाट काढतं. अशा पाण्याला तीव्र उताराचा उघडा चर बरा, तिथे प्रवाहच दगड घासत राहतो.

मागणी देताना बरेच जण कमी पडतात. सेकंदाला 1 लिटर पाणी आणि लिटरला 300 मिलिग्रॅम आम्लता (ती मारायला लागणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) धरली, तर रोज सुमारे 26 किलो कार्बोनेट खर्ची पडतं. 90 टक्के शुद्धतेला वर्षाला साडेदहा टन, 20 वर्षांना 210 टन. शिवाय पाणी चरात 15 तास थांबायला हवं, त्यासाठी शेवटपर्यंत साधारण 180 टन दगड शिल्लक राहिला पाहिजे. म्हणजे सुरुवातीलाच 390 टन.

चरातून बाहेर पडणारं पाणी पायऱ्यांवरून पाडून तळ्यात सोडा. हवा लागली की लोह तिथे गाळ होऊन बसतं. मँगनीज मात्र या दगडाने जात नाही, आणि तळ्याचा गाळ काढायला गाडी पोहोचेल अशी वाट आधीच ठेवावी लागते.