झेब्राफिश आणि अटलांटिक कॉड: संसर्गाशी लढण्याच्या दोन तऱ्हा

जंतू शिरला की झेब्राफिश या छोट्या माशाच्या पेशींत इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन या इशारा देणाऱ्या प्रथिनांची जनुकं चटकन कामाला लागतात. मागाहून एमएचसी-२ (जंतूचे तुकडे पेशीवर मांडून दाखवणारं प्रथिन) आणि सीडी-४ (ते ओळखणाऱ्या मदतनीस पेशींवरचं प्रथिन) यांच्या मदतीने प्रतिपिंडांची फळी उभी राहते. थोडक्यात, माणसासारखाच मामला. झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत पांढऱ्या पेशी जंतू गिळताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसतात, म्हणून प्रयोगशाळांचा तो लाडका.

अटलांटिक कॉड या समुद्री माशाचं प्रकरण मात्र चक्रावणारं. २०११ मध्ये त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला, तर एमएचसी-२ ची जनुकं गायब, सीडी-४ निकामी! तरी समुद्रात तो काही पटापट मरत नाही. एमएचसी-१ (पेशीच्या आतल्या जंतूंचे तुकडे दाखवणारं प्रथिन) च्या भरमसाट जनुकप्रती ही उणीव भरून काढत असाव्यात. व्हिब्रिओ या जिवाणूविरुद्धची लस दिल्यावर प्रतिपिंडं जेमतेम वाढतात, पण संरक्षण मिळतं. त्यामुळे झेब्राफिशवरचे निष्कर्ष कॉडला सरसकट लावणं मला तरी पटत नाही.