ध्रुवीय अस्वलं: शिकारीवर पूर्ण बंदी की कोटा?

शिकारबंदीच्या अर्जावर सही करू का, असं भाचीने विचारलं. म्हणून नॉर्वे आणि कॅनडा शेजारी ठेवून बघितले.

अस्वलांची संख्या: नॉर्वेने स्वालबार्डमध्ये (उत्तर ध्रुवाजवळचा त्यांचा बेटसमूह) 1973 साली शिकार बंद केली. त्याआधी तिथे पेटीत बंदूक बसवून पुढे आमिष लावत. अस्वलाने मांस ओढलं की गोळी सुटायची. मेलेल्या मादीची पिल्लं मग उपाशी मरत. किती क्रूर प्रकार! बंदीनंतर अस्वलं सावरली. कॅनडात ठरावीक कोटा असतो, म्हणजे किती अस्वलं मारायची त्याची मर्यादा. मोजणी नीट असेल तर तो चालतो, पण मादी साधारण तीन वर्षांतून एकदाच विते, त्यामुळे आकडा चुकला तर तूट लवकर भरून येत नाही.

माणसं: स्वालबार्डला मूळ रहिवासी नाहीतच. कॅनडातल्या इन्युइटांना (तिथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांना) मात्र अस्वलाचं मांस आणि कातडं लागतं. बंदीचा भुर्दंड त्यांनाच बसेल, आणि ते मला पटत नाही.

बर्फ: इथे दोन्ही उपाय तोकडे. अस्वलांना सील पकडायला समुद्रावर बर्फ हवा, आणि तापमानवाढीने तो वितळतोय. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या पश्चिमेला 2021 मध्ये सुमारे 618 अस्वलं उरली होती. 1980 च्या दशकात जवळपास दुप्पट होती.

बाहेरचे शिकारी येतात आणि मोजणी होत नाही, तिथे बंदीच हवी. गावाचं पोट शिकारीवर असेल आणि गणना नियमित होत असेल, तिथे कोटा योग्य. भाचीला सांगितलं, अर्ज कुठल्या प्रदेशासाठी आहे ते आधी बघ, आणि कार्बन उत्सर्जन घटवण्याची मागणी त्यात नसेल तर ती घालायला लाव.